दोनच कप

ज्यांनी आयुष्यभर सर्वांसाठी घराचे दार उघडे ठेवले, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस ते लावून घ्यावे की नाही, याविषयी शास्त्रे फारसे बोलत नाहीत. भाडेकराराच्या नोंदणीसाठी रांगेत उभे असलेले निवृत्त मुख्याध्यापक मात्र पुढच्या आजी-आजोबांचे बोलणे कान देऊन ऐकत होते.

“अगं, शहरात दुसरं घर, तेही शनिवार-रविवारपुरतं! सुना काय म्हणतील?”

“म्हणू देत. बेचाळीस वर्षं बारा माणसांचं रांधलं. तुमच्यासमोर बसून एकदा तरी गरम जेवले का मी?”

“बरं बाई. मी सहा कपांचा सेट बघून ठेवलाय.”

“सहा? दोन.”

“आणि थोरला पोरांना घेऊन टपकला तर?”

“म्हणजे तिथेही मीच ओट्याशी! अहो, तिसरा कप घेतलात तर मी सही करणार नाही. सांगून ठेवते.”

“दोन गाद्या तरी जास्तीच्या...”

“गाद्या कशाला? मांडवच घाला!”

खिडकीतल्या कारकुनाने विचारले, “राहणार किती जण?”

आजोबा बोटे मोजू लागले. आजींनी शांतपणे पेनाला टोपण लावले.

“दोघं,” आजोबा घाईने म्हणाले. “आम्ही दोघंच.”

टोपण निघाले. सही झाली.

“पण खरंच आला थोरला, तर?”

“येऊ दे की. येताना आपापले कप आणा म्हणावं. आणि चहा तुम्ही करायचा.”

मुख्याध्यापकांनी मनोमन हात जोडले. त्या दोन कपांतला चहा कधी निवू नये.