मृणालिनीचा आवाज

(शारजा, २००३. अल मजाजमधला सुरैय्याचा फ्लॅट. टीव्हीवर जुन्या उर्दू मालिकेची कॅसेट चालू.)

अवनी : बंद करा, सुरैय्याखाला. हा आईचा आवाज नाहीये.

सुरैय्या : नाही, बेटा. माझा आहे.

अवनी : तुमचा?

सुरैय्या : मृणालची उर्दू पाठ असायची गं, पण लहेजा पुण्याचा. बेगमचा रोल, अन् तोंड उघडलं की डायरेक्टर वलीसाहेब कपाळाला हात लावायचे. "ये बेगम है या पूना की मास्टरनी?" मी रत्नागिरीची, पण उर्दू शाळेत शिकलेली. मला डबिंगला बसवलं.

अवनी : चारही मालिकांत?

सुरैय्या : चारही. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातलेली तिनं.

अवनी : बाबा येईल त्या पाहुण्याला कॅसेट लावून दाखवायचे. "बघा, आमच्या हिची उर्दू!" आणि आई उठून चहा टाकायला जायची. मला वाटायचं, लाजते.

सुरैय्या : लाजत नव्हती.

अवनी : घरी वेगळा, टीव्हीवर वेगळा, म्हणून मी तर शाळेत सांगायचे, माय मॉम हॅज अ टीव्ही व्हॉइस. मुलगी ना मी तिची? मलासुद्धा कळू नये?

सुरैय्या : लहान होतीस.

अवनी : मग पुढच्या मालिका केल्या कशाला तिनं?

सुरैय्या : मीही विचारलं होतं. म्हणाली, "अर्धी तरी मीच असते ना."

अवनी : गेल्या महिन्यात ती गेली, तेव्हापासून शोधतेय मी. आन्सरिंग मशीनवर बाबांचा आवाज. लग्नाच्या व्हिडिओवर सनई. म्हटलं, मालिकेत तरी असेल. खाला, एखादं वाक्य? कुठेतरी राहिलेलं?

सुरैय्या : वाक्य नाही... थांब. ही पुढे घेते. बेगमला नवरा गेल्याची खबर येते तो सीन. हां, बघ.

अवनी : इथे ती बोलतच नाहीये. रडतेय.

सुरैय्या : ते माझं नाही. मला तसं रडता येईना, थकले मी. शेवटी वलीसाहेब म्हणाले, "खलास! रोना उसीका रखो. रोने की कौनसी ज़बान?"

अवनी : आई कधी रडली नाही घरी. आजी गेली तेव्हाही नाही. मला तर हे ओळखूसुद्धा येत नाहीये.

सुरैय्या : पहिलीच मालिका होती. आवाज बदलणार म्हणून त्याच सकाळी सांगितलेलं तिला. सीन झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही थांबेचना.

अवनी : (टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते.)

सुरैय्या : बंद करू, बेटा?

अवनी : नको. जरा मागे घ्या. रडण्याआधी तिनं श्वास घेतला ना, तिथपर्यंत.

सुरैय्या : त्यात काय आहे?

अवनी : मला हाक मारायच्या आधी ती असाच घ्यायची.