ताण म्हणे, ताण!

ताण म्हणे, ताण! तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षांची माझी ब्रिटा, अमेरिकेतल्या डलूथच्या उणे पंचवीस अंश थंडीत शाळेची बस गाणी म्हणत हाकणारी धडधाकट पोरगी, एका मंगळवारी जेवता जेवता उठली आणि म्हणाली, "आई, फ्रीज माझी निंदा करतोय." आणि डॉक्टर काय म्हणाला? "मार्लिसबाई, ताण आहे, सुट्टी द्या." कोणाला देऊ सुट्टी? फ्रीजला?

दुसरा डॉक्टर, आवाज मधात घोळलेला, "मित्राशी बिनसलंय का हो?" अहो, मित्र असायला तर हवा! इकडे पोरगी रात्रंदिवस जागी, तोंड वेडंवाकडं करतेय, आठवड्यात फिट आली, मग बोलणंच बंद... तिसरा तरी काय म्हणतो? ताण! मी म्हटलं, "बाबा रे, ताण मलाही आहे, नवऱ्याबरोबर तीस वर्षं काढलीत, पण मी जीभ चावत जमिनीवर पडते का?"

शेवटी भेटली माय यांग. एवढीशी डॉक्टरीण, इस्पितळात ठेवल्याच्या चौथ्या दिवशी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून आली नि चक्क खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "हे बघा, मेंदूतली एक पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, दुसरीवर ते झेलणारे रिसेप्टर असतात. तसंच त्यांचं बोलणं चालतं. ब्रिटाचं शरीर चुकून आपल्याच रिसेप्टरांवर उठलंय, ते नाहीसे करतंय. एक बोलतेय, दुसरीला पोचतच नाही."

मी तिची बाही धरली. "कायमचं?"

"नाही. पेशी जिवंत आहेत. हल्ला थांबला की रिसेप्टर परत येतील. वेळ लागेल."

आणि मूळ कुठे, तर बीजांडकोशावरच्या लिंबाएवढ्या गाठीत! त्या गाठीत म्हणे मेंदूसारख्याच पेशी होत्या, त्यांच्याशी लढता लढता शरीर खऱ्या मेंदूवर घसरलं. बघा, पोटातल्या गाठीत मेंदू सापडला, त्या तीन डॉक्टरांत नाही सापडला! आणि म्हणे ताण!

गाठ काढली, औषधं ओतली. चार महिने मी खाटेशी बसून अखंड बोलत होते... हवामान, शेजारीण, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन... कधीतरी एक शब्द पोचेल म्हणून. माझा बोलका जीव, पण घसा बसला हो!

आणि एका दुपारी ओठ हलले. मी जीव कानात आणून वाकले. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य, स्वच्छ, खणखणीत:

"आई, जरा गप्प बसशील?"

बसले. रडत रडत बसले... सात मिनिटं. त्याहून जास्त मला जमत नाही, काय करता!