गल्लीचं औषध

(गोंदिया, १९५८. आईची तेरवी उरकली आहे. मागच्या अंगणात निर्मला आणि तिची काकी धुरपता.)

धुरपता : पी ना वो पाणी. गिलासात काय पाहून रायली?

निर्मला : आईच्या चादरी कुठे धुतल्या, काकी?

धुरपता : विहिरीवर. अजून कुठं धुवाव?

निर्मला : घाणीनं भरलेल्या चादरी. आणि तेच पाणी पिऊन गल्ली तेरवीचा वरणभात जेवून गेली.

धुरपता : पाणी वाहून जाते. घाण का बसून रायते?

निर्मला : जातं ना. परत विहिरीतच जातं.

धुरपता : नागपूरची मास्तरीण झाली, तं आमच्या पाण्याची किळस येते तुले.

निर्मला : येते. हे पाणी मी पिणार नाही.

धुरपता : मंग नको पिऊ. आईसाठी आणलेली ती बाटली हाय ना, त्यातल्या अर्ध्या कॅप्सुली दे. माही सून तापानं फणफणून रायली.

निर्मला : रुख्माला सगळ्या देते. अर्ध्या नाही.

धुरपता : एकटीले सगळ्या? अन् बायजाबाई? भैयालालची पोरगी? त्याइलेबी ताप हाय. तुही माय तं एक कॅप्सूल फोडून चार पुड्या बांधे, साखर घालून. आपला ताप उतरला का बाकीचं शेजारी वाटे. देवमाणूस होती.

निर्मला : म्हणूनच गेली.

धुरपता : निर्मले! मायले असं बोलते?

निर्मला : ताप उतरला, तिनं औषध वाटून टाकलं. मोतीझरा, म्हणजे टायफॉइड, उलटला, तेव्हा तेच औषध पुरं दिलं, तरी लागू पडलं नाही. डॉक्टर म्हणाले, चिमूट-चिमूट औषधानं रोग मरत नाही, निगरगट्ट होतो. असा निगरगट्ट रोग आपण विहिरीत धुतला, काकी. सगळ्यांसाठी.

धुरपता : मंग रुख्माले तरी लागू पडन का?

निर्मला : माहीत नाही. पुरं घेतलं तर आशा आहे. वाटून टाकलं तर कोणालाच नाही.

धुरपता : अन् बाकीचे मरो?

निर्मला : बायजाबाईला अन् त्या पोरीला उद्या नागपूरच्या गाडीनं मी नेते. पण या बाटलीतलं देणार नाही.

धुरपता : बायजाबाई दारात येऊन बसली हाय. हात पसरून. मी काय सांगू तिले?

निर्मला : तू चूल पेटव. पाणी खळखळ उकळू दे, मगच रुख्माला दे.

धुरपता : तुह्या मायनं असं तोंडावर ‘नाही’ म्हटलं नसतं.

निर्मला : नसतंच म्हटलं. बाजूला सर, दार मी उघडते.