सकाळी सहाचा पत्ता

ब्रनोच्या ट्राममध्ये मायलेकी माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर टेनिसच्या रॅकेटांची भली मोठी पिशवी होती.

"पाठवलंस का पत्र?"

"काल सकाळीच, आई. निवृत्त झाले म्हणून संघटनेला कळवलं. चौदा वर्षं पुरे झाली."

"म्हणजे ती उत्तेजकांची चाचणी घेणारी बाई आता यायची नाही?"

"नाही. रोज सकाळी सहा ते सात मी कुठे सापडेन, हे आता कुणालाच कळवायचं नाही."

"बिचारी. तुला लघवी होईपर्यंत स्वयंपाकघरात कॉफी प्यायची."

"तू तिला केकही द्यायचीस. मी मात्र पाण्याचे पेल्यावर पेले रिचवत बसायचे."

"पण क्रमवारीत जगात एकाहत्तरावी आलीस, तेव्हा पहिलं अभिनंदन तिनंच केलं होतं."

"हो, हातात नमुन्याची बाटली घेऊन."

"बरं, मग उद्या सकाळी सहाला कुठे असशील?"

"माहीत नाही."

"पुन्हा म्हण बघू."

"माहीत नाही, आई."

"ब्लांका, अगं, आपला थांबा मागे गेला."

"जाऊ दे. बस निवांत."