लझहरच्या खुणा

स्फॅक्स बंदराच्या धक्क्यावर केरकेना बेटांकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत होतो. मागे एक म्हातारा कोळी आणि होड्यांचं वायरिंग करणारी नजिया बोलत होते.

“माझ्या नावेवरचं लझहरचं जीपीएस यंत्र का काढलंस गं?”

“काका, वायर जळून काळी पडली होती, फ्यूजही नव्हता. भर समुद्रात नाव पेटली असती.”

“आणि माझ्या गेलेल्या भावाने, लझहरने, त्यात साठवलेल्या समुद्रातल्या खुणा?”

“जुनं यंत्र नव्याला जोडून त्यात उतरवल्यात. जाळ्यांच्या सगळ्या जागा आहेत. एकच खूण भलतीकडे आहे. तिथे ना मासे, ना खडक. पुसू?”

“नको पोरी. तिथे तो इंजिन बंद करून आडवा व्हायचा. म्हणायचा, ऐक, इथे पाणी श्वास घेतं.”

वायरचं भेंडोळं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“हसतेस?”

“नाही काका. उद्या नवं यंत्र तपासायला तिकडेच जाऊ. इंजिन मी बंद करीन.”