वाऱ्यानं उडालेला फेटा

लालासाब : व्हय वैनी, वाऱ्यानंच उडाला. समुद्राचं वारं लई वाईट असतंय. आन् तुमी चहा कशाला टाकताय? मी आपला ज्ञानूला हाळी द्यायला आलतो. तालमीत उस्ताद वाट बघाय लागल्यात.

विजयमाला : ते अजून शाळेतून आलेले नाहीत. बसा. आणि जरा हळू बोला, बाळ आत्ता कुठं झोपलंय. वाऱ्यानं उडाला म्हणता ना, मग मला एवढंच सांगा भावजी. तुम्ही हलगी कडाडवायची आणि ह्यांनी दांडपट्टा फिरवायचा. एवढ्या गिरक्या, एवढ्या उड्या, तरी ज्याची घडी हलत नाही तो फेटा वाऱ्यानं कसा उडाला?

लालासाब : सैल बांधला आसंल.

विजयमाला : आमच्या आबांनी लग्नात स्वतः शिकवलंय बांधायला. त्यांनीच तो फेटा कागलहून आणलेला. सैल बांधतच नाहीत हे. आणि सोमवारी तुमच्या घरी मेहरुन्निसाभाभींनी फोटो दाखवले. फ्रान्सला खेळ दाखवायला गेलात, तिथल्या नीस गावच्या सगळ्या फोटोंत सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. परतीच्या, विमानतळावरच्या फोटोत एकट्या ह्यांचं डोकं उघडं, आणि तुम्ही सगळे त्यांच्याकडं बघून हसताय. वाऱ्याला कोण हसतं?

लालासाब : फोटू कपाटात ठेव म्हणून सांगितलतं तिला.

विजयमाला : म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतं.

लालासाब : तसं न्हवं वो.

विजयमाला : मग कसं ते सांगा. फ्रान्सवाल्यांचं पुन्हा बोलावणं आलंय. आज उस्ताद नावं घेणार. हे मला म्हणाले, तू हो म्हण, मग नाव देतो. सोमवारपासून मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. ह्यांना वाटतं मी बाळाच्या काळजीनं गप्प आहे. बाळाची काळजी आहेच. पण हे न्हाणीत शिट्टी वाजवतात, भावजी. परत आल्यापासून एकच चाल. ती आपल्याकडची नाही. ती चाल कुणाची आहे?

लालासाब : साखर जरा जादा टाका माझ्यात.

विजयमाला : टाकलीय. बोला.

लालासाब : आता बगा, बारात गेलतो आमी. ते खरं हाय.

विजयमाला : हं.

लालासाब : पर बार म्हंजे आपल्याकडं कसं, मिणमिणता दिवा, दाराला पडदा, आत जाणारा मान खाली घालून जातोय, तसलं न्हाय वैनी तिकडं. समुद्राला लागून मोठा रस्ता. रस्त्याला लागून टेबलं, खुर्च्या. आन् समद्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडं. जणू कुणाची मिरवणूक जाणार हाय. मी इचारलं, कुणाची वरात? तर दुभाषा म्हणाला, कुणाची न्हाय, लोक नुसती जाणारी-येणारी बघत बसत्यात. मी नारंगीचं पाणी पीत हुतो, अल्लाशपथ. उस्तादांनी दूध मागितलं तर पोऱ्या हसाय लागला.

विजयमाला : आणि ह्यांनी?

लालासाब : ज्ञानूनं बी पाणीच. म्हंजे... एकांदी बियर.

विजयमाला : बरं.

लालासाब : दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यांच्या हवेलीत न्हेलं. कॅसिनो म्हणत्यात. गळ्याला टाय न्हाय म्हणून दारवानानं आमाला भाईरच उभं केलं. आन् उस्तादांचा फेटा, मिशा, झुपकेदार कल्ले बगून त्येला वाटलं राजाच आला. कमरंत वाकून सलाम ठोकला की. उस्ताद आत जाऊन एक चक्कर मारून आलं आन् म्हणालं, आपल्या खासबागेच्या कुस्ती-मैदानाला ह्येच्यापेक्षा जास्त गर्दी असतीया.

विजयमाला : भावजी, तुम्ही मला हसवून वेळ काढताय. बाळ उठायच्या आत सांगा. बाई कोण होती?

लालासाब : कोण बाई?

विजयमाला : फेटेवाली.

लालासाब : गाणारी हुती. रस्त्यावरच्या बारातलीच, निघायच्या दोन दिस आदी परत गेलतो तवा. काळा झगा, केस कापल्यालं. लई देखणी न्हाय. पर आवाज असा खर्जातला, घसा बसल्यागत, आन् तरी गोड. काय म्हणती ते एक अक्षर कळत न्हवतं. पर ऐकताना वाटायचं, आपल्यालाच सांगतीया. आता ज्ञानूचं तुमाला म्हायती हाय. आपल्याकडं गाणं आवडलं की माणूस काय करतंय? फेटा उडवतंय. वर जातोय, खाली येतोय, आपला आपण झेलायचा. त्येनं बी उडवला. पर ह्यो समुद्र. वारं हुतंच, ते काय मी खोटं न्हाय सांगितलं. फेटा गेला थेट तिच्याकडं. तिनं झेलला. आन् तिकडची रीत अशी की गाणाऱ्या बाईकडं जे टाकलं ते तिचं झालं. फुलं टाकत्यात तसं.

विजयमाला : मग मागून घ्यायचा.

लालासाब : मी तेच म्हणालो. तोवर तिनं तो उलगडला. लांबच्या लांब. लोक टाळ्या पिटाय लागली. अंगाभवती गुंडाळला, पदर टाकल्यागत खांद्यावर घेतला आन् फुडचं गाणं चालू. दुसऱ्या दिवशी आमी परत गेलो, मागायला म्हणूनच गेलतो, तर बाई तोच गुंडाळून उभी. दुभाषा म्हणाला, मी सांगतो तिला. तर ज्ञानू म्हणाला...

विजयमाला : काय म्हणाले?

लालासाब : काय न्हाय. म्हणाला, ऱ्हाऊ दे.

विजयमाला : एवढंच?

लालासाब : वैनी, मला तालमीत जायाचं हाय.

विजयमाला : एवढंच म्हणाले?

लालासाब : म्हणाला, ऱ्हाऊ दे लाल्या, तिला शोभतोय.

विजयमाला : शोभतोय.

लालासाब : आता तुमी मनाला लावून घिऊ नका. त्यात काय न्हवतं. ती त्येच्याशी एक शबुद बोलली न्हाय. बोलली असती तर कळणार काय हुतं त्येला?

विजयमाला : माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली भावजी. पैठणी नेसले, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसले, फुलांनी मढवलेली. हे म्हणाले, वेळ होतोय, आवर. तिथं ऐकायला बायका पण होत्या?

लालासाब : हुत्या की. निम्म्या बायकाच. एक तर बाबागाडीत ल्येकरू घिऊन बसलती. तिकडं उन्हाळ्यात नऊला बी उजेड असतोय. समोर गिलास, एका हातानं गाडी हलवतीया, एका हातानं ताल धरतीया. आमी म्हणालो, हिला घरात सासू न्हाय वाटतं.

विजयमाला : किती वयाची होती?

लालासाब : तुमच्याच.

(बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज.)

लालासाब : आला बगा. ज्ञानू, चल लेका, हितनंच फुडं जाऊ.

ज्ञानू : अरे, चहा तरी घेऊ दे. काय गं, बाळाचं अंग अजून गरम आहे काय?

विजयमाला : नाही, उतरलंय. तुमचा फेटा सापडला.

ज्ञानू : कसला?

विजयमाला : वाऱ्यानं उडालेला. काळ्या झग्यावर गुंडाळलाय म्हणे.

ज्ञानू : लाल्या!

लालासाब : मी काय केलं? फोटूनं घात केला. आन् वैनी बी.ए. झाल्यात. तुजी शाळा तरी कितपत पुरणार?

ज्ञानू : हे बघ, तुझ्या आबांचा फेटा एका गाणारीकडं गेला म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. म्हणून वारा म्हणालो. दुसरं काही नाही. परत मागायची लाज वाटली. भर लोकांत बाईच्या अंगावरचं कापड कसं मागायचं?

विजयमाला : लाज वाटली म्हणून ठेवला, का शोभत होता म्हणून?

ज्ञानू : दोन्ही.

लालासाब : अरे, एक तरी खोटं बोल की लेका.

ज्ञानू : कशाला? शोभत होता. मी काय तिच्या मागं गेलो नाही. ऐकलं, आवडलं, दाद दिली. तू ऐकलं असतंस तर तुलासुद्धा आवडलं असतं.

विजयमाला : तेच म्हणतेय मी. मी ऐकलं असतं तर.

ज्ञानू : म्हणजे?

विजयमाला : चार रात्री मी त्या बाईचा चेहरा जुळवतेय. मनात तिला गोरी केली, उंच केली, कपाळावर बट काढली. आणि आत्ता भावजींनी बाबागाडीवाली सांगितली, तर गाणारी पुसूनच गेली सगळी. माझ्याएवढी बाई. लेकरू शेजारी. समोर गाणं. आणि तिच्याकडं कुणी बघत नाही, बघितलं तरी तिला काही होत नाही. तुम्ही ते तीन आठवडे बघून आलात आणि मला येऊन काय सांगितलंत? की तिकडं पाव कडक असतो.

ज्ञानू : अगं, ते सांगून काय करायचं होतं?

विजयमाला : कॉलेजात असताना आम्ही पाच जणी चहाला जायचो, त्या चौकातल्या हॉटेलात. फॅमिली रूममध्ये. पडदा ओढून. मालकाचा हात तेवढा आत यायचा, कप ठेवायचा आणि जायचा. मला वाटायचं, चहा असाच प्यायचा असतो. आज मला बाहेरच्या बाकावर बसायचंय.

ज्ञानू : कुठल्या?

विजयमाला : त्याच हॉटेलच्या. रस्त्याकडं तोंड करून. आत्ता. तुमच्याबरोबर.

ज्ञानू : आत्ता सहाला? सगळी पेठ तिथं असते. माझी शाळेतली पोरं असतात. ड्रिलचे मास्तर बायकोला घेऊन बाकावर बसले म्हणून उद्या फळ्यावर चित्र काढतील. फॅमिली रूममध्ये बसू की. भजी पण घेऊ.

विजयमाला : बाकावर का नको?

ज्ञानू : ओळखीचे लोक असतात गं. तिकडचं वेगळं. तिकडं कोण कुणाला ओळखतं?

विजयमाला : तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं. त्या दोघींचं ते गावच होतं. त्यांचे शेजारीपाजारी, मास्तर, मामेभाऊ तिथंच बसलेले असणार. तरी एक गात होती आणि एक ऐकत होती. आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता.

लालासाब : मला बी मेहरुन असंच इचारील आता. तुमी दोघींनी मिळून ते फोटू बघितल्यात न्हवं?

विजयमाला : त्या विचारणारच आहेत, कालच म्हणाल्या. तुम्ही घरी गेल्यावर कळेल.

लालासाब : या अल्ला. बरं, मी उस्तादांना काय सांगू? ज्ञानूचं नाव घालायचं का न्हाय? ते कागद बंद करणार हाईत आज.

ज्ञानू : हिला विचार.

विजयमाला : चहा पिऊन झाल्यावर सांगते. भावजी, तोवर उस्तादांना कागद उघडा ठेवायला सांगा आणि परत चौकात या, तिथंच असेन मी.

ज्ञानू : मी नाही आलो तर?

विजयमाला : तर मी बाळाला घेऊन बसेन. तुम्हाला फारच लाज वाटत असेल तर तुम्ही आत बसा, पडदा ओढून. तुमचा कप मी आत पाठवते.

लालासाब : मी हलतो. हितं थांबलो तर मला बी आत बसवतील.

ज्ञानू : विजू.

विजयमाला : काय?

ज्ञानू : अशीच निघालीस?

विजयमाला : का? चांगली दिसत नाही?

ज्ञानू : तसं नाही. बाळाला टोपडं घाल. बाकावर वारं लागतं.