टाळकरी कुठे उभा करायचा

आबा : तू ये निवांत. मंडप काही पळून जात नाही. मी रिक्षानं होतो पुढे.

दिपमाला : थांबा ना आबा, दहा मिनिटं. पार्वताबाईंच्या कीर्तनासाठी चोपड्याहून जळगावला आलात, आणि घरच्या सुनेनं तुम्हाला रिक्षात बसवून द्यायचं?

आबा : दहा मिनिटं तर तू चहाच्या वेळीबी म्हणाली होतीस. काय अडलं शे एवढं? सकाळपासून मशीनवरच्या त्या एका लाल ओळीकडे पाहून राहिलीस.

दिपमाला : ती ओळ म्हणते, प्लगिन उघडता येत नाही. फाइल समोर आहे, नाव बरोबर, जागा बरोबर. तरी नाही. आणि तिकडे धुळ्याला, आमच्या कंपनीत, योगेंद्रभाऊंनी टेम्पो भरायला घेतलाय.

आबा : ठिबकच्या पेट्यांचा?

दिपमाला : हो. ठिबकचं पाणी आपोआप सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या, तुमच्या शेतात लावलीय तसल्याच. केळीवाल्यांकडे जायच्यात. संध्याकाळपर्यंत माझं हे चाललं नाही, तर ते पेट्या तशाच पाठवणार.

आबा : पाठवू दे की. माझी पेटी चांगली चालते.

दिपमाला : चांगली? त्या रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला, नवी रोपं सकाळपर्यंत पाण्यात उभी होती. आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. सालदारानं, पुनानं सांगितलं म्हणून कळलं.

आबा : पुनाच्या तोंडात काही राहतच नाही. एकदाच झालं ना ते? माझ्या सुनेनं केलेली पेटी. मी कशाला गावात बोलत फिरू?

दिपमाला : तुम्ही सांभाळून घेतलंत. दुसरा शेतकरी का घेईल? व्हॉल्व्ह का उघडा राहिला, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. म्हणून तर या प्लगिनचा खटाटोप.

आबा : मंग हे प्लगिन काय शे, मला समजेल असं सांग. हे बघ, टोपी काढून बसलो.

दिपमाला : पेटीत एक चिप असते, एवढीशी. तिची भाषा निराळी. आम्ही माणसाला वाचता येईल असं लिहितो, आणि कंपायलर त्याचं चिपच्या भाषेत करून देतो. आमचा कंपायलर चालतो इथे, या कॉम्प्युटरवर, पण बोलतो पेटीसाठी. म्हणून त्याला म्हणायचं क्रॉस-कंपायलर.

आबा : म्हणजे बुवा इथे जळगावात उभे, अन् कीर्तन ऐकणारी पेटी माझ्या शिवारात.

दिपमाला : अगदी तसंच! आणि प्लगिन म्हणजे बुवांच्या मागचा टाळकरी. कंपायलर एकेक ओळ घेत जातो, हा मागे उभा राहून ऐकतो. जिथे व्हॉल्व्ह उघडला, तिथून पुढे निघणारी प्रत्येक वाट चालून बघतो. एका जरी वाटेवर बंद करायचा राहिला असेल, तर कंपायलरला जागच्या जागी थांबवतो.

आबा : वा व माय! बुवांच्या तोंडून चरण निसटलं की मागचा टाळकरी असाच उचलून धरतो. हे बठ्ठं तू लिहिलं? अगदी सगळं?

दिपमाला : लिहिलं. पण उघडत नाही, तर लिहून काय उपयोग?

आबा : उघडेल. अन् तो टाळकरी आता कुठे शे? गेला का शेतात, पेटीत?

दिपमाला : पेटीत कशाला जाईल? पेटीत जातो प्रोग्राम. टाळकरी इथेच, कंपायलरच्या मागे... आबा!

आबा : काय झालं?

दिपमाला : गप्प बसा जरा. अगं बाई, म्हणजे... माफ करा आबा, एकच मिनिट.

आबा : बसलो गप्प.

दिपमाला : काहीही बांधायचं तर ते क्रॉस-कंपायलरनंच बांधायचं, ही सवयच लागलीय आम्हाला. योगेंद्रभाऊंनी तशी आपोआप बांधून देणारी स्क्रिप्टच लावून दिलीय. मी प्लगिनही त्याच स्क्रिप्टमधून काढलं! ते झालं पेटीच्या भाषेचं. आणि त्याला उघडणारा कंपायलर चालतोय या कॉम्प्युटरवर. कसा उघडेल? टाळकऱ्याला मी श्रोत्यांत नेऊन बसवलं, आणि सकाळपासून इथून ओरडतेय, मागे उभा राहा, मागे उभा राहा!

आबा : बिचारा तिथे मांडी घालून बसला असेल, सगळ्यांत पुढे.

दिपमाला : हसू नका. नाहीतर हसा. याला इथल्या साध्या कंपायलरनं बांधायचं, बस्स. फक्त हेडर फाइली, म्हणजे कंपायलरच्या आतल्या खाणाखुणा, त्या क्रॉस-कंपायलरच्या द्यायच्या.

आबा : त्या कशाला?

दिपमाला : टाळकरी या बाजूला उभा असला, तरी चाल बुवांचीच यायला हवी ना त्याला? व्हर्जनसुद्धा तंतोतंत तेच लागतं. नाहीतर बुवा त्याला उभंच करत नाहीत.

आबा : बरोबर करतात. बेसूर माणूस मागे घेऊन कीर्तन होत नाही.

दिपमाला : योगेंद्रभाऊंचा फोन. स्पीकरवर टाकते, प्लगिन नव्यानं बांधतेय, हात मोकळे नाहीत माझे.

योगेंद्र : हां मॅडम, काय म्हणतं प्लगिन? इथे ललित टेम्पोला दोरी आवळतोय.

दिपमाला : उघडलं भाऊ! आत्ता, या क्षणाला उघडलं.

योगेंद्र : काय सांगता! घोडं अडलं कुठे होतं?

दिपमाला : तुमच्या स्क्रिप्टमध्ये. आणि माझ्या डोक्यात.

योगेंद्र : स्क्रिप्टला नावं ठेवा, आमची हरकत नाही. मग चालवा पटकन. काही निघायचं नाही, पण तुमच्या मनाचं समाधान.

दिपमाला : चालू केलंय. पंपाची फाइल गेली. खताची गेली. थांबलं.

योगेंद्र : परत एरर?

दिपमाला : एरर नाही भाऊ. त्यानं थांबवलंय. वीज गेल्यानंतरचं फंक्शन. लाईट परत आली की व्हॉल्व्ह उघडतो, मग प्रेशर वाचतो. प्रेशर वाचता आलं नाही, तर फंक्शन तिथूनच मागे फिरतं. व्हॉल्व्ह तसाच उघडा.

योगेंद्र : शक्यच नाही. ते मी लिहिलंय. सगळ्यांत जास्त तपासलेलं आहे ते.

दिपमाला : ओळ वाचून दाखवू?

योगेंद्र : नको. समोर उघडलीय माझ्या.

आबा : त्या रात्री लाईटनं फार खेळ केला होता. आली, गेली, पुन्हा आली.

योगेंद्र : कोण, आबा का? राम राम आबा. रोपं तुमची होती ना ती? काय बोलू मी.

आबा : रामकृष्ण हरी, भाऊ. काही बोलू नका अन् मनाला लावून घेऊ नका. नावाजलेल्या बुवांचंबी चरण निसटतं. टाळकरी काय नुसते शोभेला उभे असतात?

योगेंद्र : टाळकरी?

दिपमाला : ते मी नंतर सांगते. टेम्पोचं बोला.

योगेंद्र : ए ललित, सोड ती दोरी! उतरव सगळं. हो, सगळं! मॅडम, ही वाट मी कितीदा डोळ्यांखालून घातली असेल. तुमच्या प्लगिननं पहिल्याच फेरीत बोट ठेवलं. आता ते स्क्रिप्टमध्येच बसवून टाका. यापुढे ते मागे असल्याशिवाय इथून एक पेटी हलणार नाही. ठेवतो. आबा, येतो एकदा शेतावर.

आबा : या, या. भरीत खायला या.

दिपमाला : आबा, उद्या तुमच्याबरोबर चोपड्याला येते. पहिली तुमची पेटी दुरुस्त करू. तोवर पुनाला सांगा, मुख्य कॉक हातानं बंद करून ठेव.

आबा : सांगतो. अन् का बंद ठेवायचा, कुणी शोधून काढलं, तेबी बठ्ठं सांगतो.

दिपमाला : गावभर करेल तो.

आबा : करू दे.

दिपमाला : चला आता. अर्धं कीर्तन गेलं तुमचं माझ्यापायी.

आबा : शेवटच्या गजराला पोचू. टोपी कुठे ठेवली मी? ही काय. अन् हे तुझं मशीन बंद नाही करायचं?

दिपमाला : नको. बाकीच्या सगळ्या फाइली राहिल्यात. आपण येईपर्यंत चालेल त्याचं.

आबा : मंग खोलीतला दिवाबी राहू दे, माय. उभा शे ना तो टाळकरी.